व्ह्यू, इंडेक्स की लॉजिकल फाइल?

आयबीएमच्या एएस/४०० वर (१९८८ पासूनची, आजची आयबीएम आय) काम करणाऱ्या नव्या मित्रांना हमखास पडणारा प्रश्न. ऑब्जेक्टची यादी काढली तर तिन्हींपुढे 'एलएफ' असंच दिसतं. पण काम वेगवेगळं!

🔹 व्ह्यू: साठवून ठेवलेली क्वेरी. कोणते कॉलम, कोणत्या ओळी, कोणती जोडणी एवढंच ठरवतो. स्वतःचा क्रम नाही. क्रम हवा तर सिलेक्टमध्येच ऑर्डर बाय लिहायचं.

🔹 इंडेक्स: की-प्रमाणे लावलेला शोधमार्ग. सिलेक्टमध्ये त्याचं नाव देता येत नाही. कधी वापरायचा ते ऑप्टिमायझर ठरवतो.

🔹 लॉजिकल फाइल: डीडीएस या फाइलची व्याख्या करायच्या भाषेत लिहिलेली. निवडही करते, क्रमही देते. म्हणूनच आरपीजी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची लाडकी.

उदाहरण घ्या. 'पुण्यातले ग्राहक, नावाच्या क्रमाने' हवेत. लॉजिकल फाइलमध्ये शहरावर सिलेक्ट, नावावर की, काम झालं. एसक्यूएलमध्ये शहरासाठी व्ह्यू, क्रमासाठी सिलेक्टमध्ये ऑर्डर बाय, वेगासाठी मूळ टेबलवर शहर आणि नाव यांचा इंडेक्स.

लक्षात ठेवा: डेटा मूळ टेबलमध्येच राहतो. मात्र प्रत्येक इंडेक्स आणि की असलेली लॉजिकल फाइल इन्सर्टच्या वेळी सांभाळावी लागते. म्हणून गरजेपुरतेच बनवा!