क्रीम नाही, तरी क्रीमी!

मैद्याच्या गुठळ्या नाहीत, क्रीमचं पाकीट नाही आणि पंधरा मिनिटांच्या वर गॅससमोर उभं राहणंही नाही. फ्रिजमधल्या अर्ध्या पनीरचा असा सॉस, की कॅफेतला व्हाइट पास्ता विसराल!

ऑफिसची कॅब रात्री साडेनऊला सोसायटीच्या गेटवर सोडते, तेव्हा फ्रिजमध्ये काय असतं ते आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. मान टाकलेली कोथिंबिरीची जुडी. केचपच्या पुड्या. अर्धा कांदा. आणि पनीरचं फोडलेलं पाकीट, जे ‘रविवारी भुर्जी करू’ म्हणून आणलेलं असतं आणि तो रविवार काही उजाडत नाही. वरच्या फळीवर पास्त्याचा पुडा असतोच. मग हात आपसूक मोबाइलकडे जातो. पाऊण तासानं प्लास्टिकच्या डब्यातून व्हाइट सॉस पास्ता येतो, तोवर त्याचा खळीचा गोळा झालेला असतो. आपण तो खातो. आणि अकरा वाजता पुन्हा चिवड्याचा डबा शोधतो.

हे का होतं? माझ्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी, दोघीही शाकाहारी, दोघीही हिंजवडीच्या ट्रॅफिकनं पिळून निघालेल्या. एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलेच.

रेड ऑर व्हाइट?

कॅफेतला वेटर हा प्रश्न विचारतो, आणि आपण बहुतेक वेळा ‘व्हाइट’ म्हणतो. हा व्हाइट सॉस म्हणजे फ्रेंचांचा बेशामेल. बटरवर मैदा परतायचा, त्यात दूध ओतायचं, घट्ट होईस्तोवर ढवळायचं. चवीला मस्त, वादच नाही. पण दोन माणसांच्या सॉसमध्ये दोन चमचे मैदा आणि पाव लिटर दूध जातं. त्यातलं प्रोटीन सगळं मिळून दहा ग्रॅमच्या आसपास. पास्त्याचं स्वतःचं आणि एका चीज क्यूबचं धरलं, तरी माणशी सतराच्या पुढे गाडी जात नाही.

आता गरज किती? आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जी शिफारस केली, त्यानुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. ५५ किलोच्या मुलीला साधारण ४६ ग्रॅम, ७० किलोच्या मुलाला ५८. आकडा अवाच्या सवा नाहीये. पण सकाळी चहा-खारी, दुपारी कॅन्टीनचा पुलाव आणि संध्याकाळी वडापाव असा दिवस गेला, तर सगळी भिस्त रात्रीच्या जेवणावर येते.

आणि म्हणूनच, बॉस, पनीर!

फंडा काय आहे?

पनीर चीजसारखं वितळत नाही. तव्यावर कितीही परता, तुकडा तुकडाच राहतो. कारण ते दूध आंबट घालून, उष्णतेनं फाडून केलेलं असतं. असं आम्लानं फाडलेलं चीज उष्णतेनं पाघळत नाही, उलट जास्त वेळ तापवलं तर आतलं पाणी सोडून रबर होतं. त्यामुळे कढईत पनीर कुस्करून ‘सॉस होईल’ म्हणून वाट बघत बसलात, तर शेवटी भुर्जीच मिळणार. इथे गॅसचं काम नाही, मिक्सरचं आहे. चटणीच्या भांड्यात कोमट दुधाबरोबर एक मिनिट फिरवलं, की तेच पनीर मलईसारखं होतं.

दुसरा हुकमाचा पत्ता म्हणजे पास्ता शिजवलेलं पाणी. आपण ते सरळ सिंकमध्ये ओततो! त्या गढूळ पाण्यात पास्त्यातला स्टार्च उतरलेला असतो. हा स्टार्च सॉसमधलं तूप-पाणी वेगळं होऊ देत नाही आणि सॉस पास्त्याला चिकटवून ठेवतो. मैदा जे काम करतो तेच, फक्त चकटफू.

‘पास्त्यात पनीर? इटालियन माणूस रडेल!’ असं माझी रूममेट म्हणाली होती. मुळीच नाही. इटलीत रिकोटा नावाचं मऊ, पांढरं चीज असतं. नावाचा अर्थच ‘पुन्हा शिजवलेलं’, कारण चीज करून उरलेलं पाणी पुन्हा तापवून ते काढतात. हा रिकोटा पास्त्याच्याच गरम पाण्यात सैल करायचा, वर मिरपूड, झाला सॉस. तिथल्या घरांमधलं हे अगदी रोजचं, साधं खाणं आहे. ज्याच्या नावावर आपण वाटीभर क्रीम खातो, त्या आल्फ्रेडोचीही गंमत ऐका. रोममधले हॉटेलवाले आल्फ्रेदो दि लेलिओ यांच्या मूळ पास्त्यात क्रीम नव्हतंच. बटर, पार्मेझान चीज आणि गरम पास्ता, बस्स. बाळंतपणानंतर बायकोची अन्नावरची वासना उडाली होती, तिच्या अंगात ताकद यावी म्हणून त्यांनी तो केला, असं सांगतात. क्रीम आलं ते पुढे अमेरिकेत.

आईच्या पसंतीला उतरला, म्हणजे…

या सॉसची खरी परीक्षा झाली ती मागच्या पावसाळ्यात. आई सांगलीला एकटी असते. अंगणात पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तिला पुण्याला घेऊन आले. डॉक्टरांनी तपासलं, रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, ‘काकू, रोज जेवता काय?’

आई म्हणाली, ‘एकटीसाठी काय करायचं? चहा-टोस्ट खाते. कधी दहीभात.’

बाबा गेल्यापासून तिचं हेच चाललं होतं, तीन वर्षं. रोज रात्री मी फोनवर ‘जेवलीस का?’ विचारायचे आणि ती ‘हो गं’ म्हणायची. तसं ते खोटं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळायला नुसतं कॅल्शियम पुरत नाही, प्रोटीन वाढवा. डाळी, दूध, पनीर. अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. दुधाचा तिला वास येतो. वरण चार दिवसांत नकोसं झालं. आणि मुख्य म्हणजे उजवा हात गळ्यात, त्यामुळे पोळीचा तुकडा मोडता येईना. मी भरवते म्हटलं, तर ‘मी काय लहान आहे?’ म्हणून ताट बाजूला सारायची.

डाव्या हातानं, चमच्यानं, कुणाच्या मदतीशिवाय काय खाता येईल? पेने पास्ता! नळीसारखा, आखूड, चमच्यात बसणारा. चिली फ्लेक्स वगळून, मिरपूड आणि लसूण घालून तो मी तिच्यापुढे ठेवला.

‘हे काय गं? शेवया?’

‘खाऊन तर बघ.’

दोन चमचे खाल्ले. मग बराच वेळ काही बोलली नाही. ‘शेंगोळ्यांसारखं लागतंय,’ ती म्हणाली, ‘फक्त तिखट कमी आहे.’ आणि सबंध वाटी संपवली, अगदी चमच्यानं खरवडून. डाव्या हातानं सांडत, पण स्वतःच्या हातानं.

शेंगोळ्या! मला हे सुचलंच नव्हतं. कुळथाच्या पिठाच्या वळलेल्या, लसणाच्या पातळ रश्शात शिजवलेल्या. किंवा चकोल्या घ्या, वरणफळं म्हणा हवं तर, कणकेचे तुकडे वरणात सोडून उकळलेले. हे आपले पास्तेच आहेत की! आणि त्यामागचं गणितही पक्कं आहे. गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवतं. दुधातलं प्रोटीनही गव्हाची ही उणीव तशीच भरून काढतं. इटलीतही छोल्यांबरोबर पास्ता शिजवतात. आपल्याकडे वरणाबरोबर भात. दोन्हीकडच्या आज्यांना एकच गोष्ट कळली होती.

चला, किचनमध्ये!

दोघांसाठी हवं ते एवढंच:

पास्ता १६० ग्रॅम (पेने किंवा फ्युसिली), पनीर १५० ग्रॅम, दूध अर्धा कप, चीज क्यूब १, लसणाच्या पाकळ्या ५, बटर किंवा ऑलिव्ह ऑइल १ छोटा चमचा, मिरपूड, मीठ, ओरेगॅनो, चिली फ्लेक्स.

१. मोठ्या पातेल्यात दीड लिटर पाणी उकळत ठेवा. सढळ हातानं मीठ घाला. पास्त्याला आतून चव येण्याची संधी एवढीच.

२. पनीर फ्रिजमधलं असेल तर तुकडे करून पाच मिनिटं गरम पाण्यात बुडवा. मऊ पडलं की सॉस रवाळ होत नाही.

३. पास्ता उकळत्या पाण्यात सोडा. पुड्यावर जी वेळ लिहिलीय त्याच्या दोन मिनिटं आधी थांबायचंय. तेल घालू नका, नाहीतर सॉस पास्त्यावरून घसरतो.

४. तोवर कढईत बटर तापवून ठेचलेला लसूण मंद आचेवर परता. वास सुटला की बास. लाल केलात तर सॉस कडवट होईल.

५. पनीर, कोमट दूध, परतलेल्यातला अर्धा लसूण, किसलेलं चीज आणि मिरपूड मिक्सरमधून गुळगुळीत फिरवा. दूध कोमटच घ्या. उकळतं दूध बंद भांड्यात फिरवलं तर वाफेनं झाकण उडतं.

६. पास्ता निथळण्याआधी एक कप पाणी बाजूला काढा. हे विसरू नका!

७. पास्ता आणि अर्धा कप पाणी कढईतल्या लसणात घालून मोठ्या आचेवर एक-दोन मिनिटं परता. गॅस बंद. आता पनीरचं मिश्रण ओता आणि भराभर हलवा. घट्ट वाटलं तर आणखी पाणी. सॉस जरा पातळ वाटला पाहिजे, कारण ताटलीत येईस्तोवर तो आळतोच.

८. वरून ओरेगॅनो, चिली फ्लेक्स. लगेच खा.

हिशेब सांगते. पास्त्यातून १९-२० ग्रॅम, पनीरमधून २७ च्या आसपास, दूध-चीज मिळून आठेक. म्हणजे माणशी २७ ग्रॅम प्रोटीन. व्हाइट सॉसपेक्षा दहा ग्रॅम जास्त. ब्रँडनुसार आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पाकिटावर बघा. पण एक खरं खरं सांगते, हे डाएट फूड नाही. पनीरमध्ये फॅटही असतं, एका ताटलीत साडेपाचशे-सहाशे कॅलरीज सहज होतात. त्या कमी करायच्या असतील तर लो-फॅट पनीर आणा किंवा निम्मा पास्ता काढून ब्रोकोली, मटार, सिमला मिरची घाला.

पनीर संपलंय? नो टेन्शन!

मसूर डाळ: अर्धी वाटी लाल मसूर कुकरला मऊ शिजवा, लसूण आणि चमचाभर ऑलिव्ह ऑइलबरोबर मिक्सरमधून काढा. दूध-दुभतं न खाणाऱ्यांसाठी एकदम बेस्ट. केशरी रंग येतो, चव चकोल्यांच्या जवळ जाते.

चक्का: दही तासभर फडक्यात टांगून ठेवा. फक्त गॅस बंद केल्यावरच मिसळा. उकळलं की फाटतं.

अंडं: दोन अंडी आणि किसलेलं चीज फेटून घ्या, गॅस बंद करून गरम पास्त्यात मिसळा आणि हात थांबवू नका. रोमचा कार्बोनारा असाच होतो, क्रीमशिवाय. अंडं पूर्ण शिजत नाही, म्हणून गरोदर बायका आणि वयस्कर मंडळींनी हा प्रकार टाळावा.

सिल्कन टोफू: मिक्सरमधून काढला की हुबेहूब क्रीम! पण त्यात पाणी जास्त, त्यामुळे प्रोटीन पनीरपेक्षा बरंच कमी.

प्रोटीन पावडर: प्लीज नको. गरम सॉसमध्ये गोळे होतात, आणि व्हॅनिला फ्लेवरचा लसूण पास्ता कुणालाच आवडणार नाही.

जाता जाता…

* पुड्यावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलंय ना ते बघा. मैद्याचा पास्ता लवकर गिच्च होतो.

* पिंक सॉस हवाय? टोमॅटो प्युरी आधी लसणावर नीट शिजवून घ्या. मिक्सरमध्ये दुधाऐवजी पास्त्याचं कोमट पाणी वापरा, म्हणजे टोमॅटोच्या आंबटपणानं काही फाटणार नाही.

* सॉस डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतो. गरम करताना थोडं पाणी घाला, आच मंद ठेवा, उकळी आणू नका.

* किडनीचा त्रास असलेल्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

* घरी कुणी एकटं राहत असेल, तर फोनवर ‘जेवलीस का?’ नका विचारू. ‘काय जेवलीस?’ विचारा.