परसातला मॅटरहॉर्न

लंडनमधले नामांकित वकील सर फ्रँक क्रिस्प यांनी थेम्सकाठच्या हेन्लीत, आपल्या फ्रायर पार्कच्या आवारात, चक्क आल्प्समधला मॅटरहॉर्न बांधला. यॉर्कशरहून हजारो टन दगड आणवून डोंगर रचला आणि शिखरावर खऱ्या मॅटरहॉर्नचा तुकडा बसवला. उतारांवर धातूचे रानबकरे, जमिनीखाली गुहा, गुहांत दाढीवाले बुटके. तळ्यात पाण्याच्या जेमतेम खाली दगड ठेवलेले, त्यामुळे पलीकडे जाणारा माणूस पाण्यावरून चालतोय असं वाटे. ही बाग ते लोकांना पाहायला खुली ठेवत, हे मला विशेष वाटतं.

डोंगर हौसेचा, पण त्यामागे झाडांची जाण होती. आल्प्समधली फुलझाडं थंडीला भीत नाहीत. हिवाळाभर ती बर्फाच्या पांघरुणाखाली कोरडी असतात. त्यांचा जीव घेतो तो इंग्लंडचा हिवाळी पाऊस. बुंध्याशी ओल साचली की रोप कुजलंच. म्हणून दगडांच्या फटींत खडी आणि वाळू भरून रोप लावतात. पाणी झटकन निथळतं आणि मुळं दगडाआडच्या गारव्यात खोल जातात.

क्रिस्प यांच्या आधी, चेस्टरजवळच्या हूल हाउसमध्ये लेडी ब्रॉटन यांनी आल्प्समधल्या शामोनीच्या पर्वतांची प्रतिकृती केली होती. पावसाने माती वाहून जाई, थंडीने दगड सुटत, भाराने भिंत ढासळे. बाईंनी पुन्हा पुन्हा रचून तो डोंगर उभा ठेवला. 1838 मध्ये लाउडन यांच्या बागकामाच्या मासिकात त्याचं सविस्तर वर्णन आलं.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते नॉर्दम्प्टनशरमधल्या लॅम्पोर्ट हॉलचे सर चार्ल्स आयशम. शाकाहारी, परलोकविद्येचे अभ्यासक, आणि खाणींत खरोखरच बुटके राहतात असं मानणारे. 1847 पासून त्यांनी घरालगत सुमारे 24 फूट उंच कडा रचला, त्यात खुजी झाडं लावली आणि न्यूरेंबर्गहून भाजल्या मातीचे बुटके मागवले. कुणाच्या हाती कुदळ, कुणी ढकलगाडीपाशी. काही तर संपावर गेलेले, आठ तास काम आणि आठ तास झोप मागणारे! 1903 मध्ये सर चार्ल्स गेले आणि मुलींनी ते सगळे हटवले. एक तेवढा कपारीत राहून गेला. तो ‘लॅम्पी’ आज लॅम्पोर्टला आहे आणि इंग्लंडमधल्या बागेतला सर्वांत जुना बुटका मानला जातो.

अशा बागांना नाकं मुरडणारेही होतेच. 1914 मध्ये आल्पाइन झाडांचे जाणकार रेजिनल्ड फॅरर यांनी एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत नकली पर्वतांची टर उडवली. क्रिस्प यांना ते झोंबलं. त्यांनी उत्तरादाखल पत्रक छापलं आणि एलन विलमॉट या नामवंत बागकर्तीने ते चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात स्वतः वाटलं. फॅरर यांना निसर्गाचं रूप प्रिय होतं, हे समजू शकतं. पण बागेत खेळायची मुभाच नाकारणं मला पटत नाही.

क्रिस्प 1919 मध्ये वारले आणि बाग हळूहळू रानात बुडाली. 1970 मध्ये बीटल्स बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनने फ्रायर पार्क घेतलं. त्याच वर्षीच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो गमबूट घालून तिथल्या बुटक्यांमध्ये बसला आहे, आणि आतलं एक गाणं क्रिस्प यांच्या नावाने आहे. पुढे अनेक वर्षं त्याने ही बाग साफ केली, नवी लागवड केली आणि आपलं आत्मचरित्र जगभरच्या माळ्यांना अर्पण केलं.