सुका कचरा कुणाचा?

पाण्याच्या रिकाम्या बाटलीचे भंगारात तीन भाग होतात. झाकणाचं प्लॅस्टिक वेगळं, बाटलीचं वेगळं आणि लेबलचं आणखी तिसरंच. सगळं एकत्र नेलं की दुकानदार भाव पाडतो. म्हणून पुण्यातल्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये बसलेली बाई एका पिळ्यात झाकण काढते, नखानं लेबल सोलते, टाचेखाली बाटली चपटी करते आणि न बघता आपापल्या पोत्यात भिरकावते. पिशव्यांची पारख कानानं होते. मुठीत चुरगळल्यावर करकरली तर एका पोत्यात, गुमान दबली तर दुसऱ्या. पांढरा कागद, रद्दी, पुठ्ठा, काच, पत्रा यांचे ढीग निराळे. चिप्सचं चकचकीत पाकीट मात्र सगळ्यांत नकोसं. त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही, आणि म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही.

ही बाई महापालिकेची नोकर नाही आणि ठेकेदाराचीही नाही. ती 'स्वच्छ' या सहकारी संस्थेची सभासद आहे, म्हणजे कागदोपत्री मालकच. सभासद साडेतीन हजारांच्या आसपास, बहुतेक बायका, त्यातल्या बहुसंख्य दलित. कित्येकींची घरं १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, सोलापूरकडून पुण्यात आलेली. शेतात काम उरलं नव्हतं आणि शहरात जे काम विनापरवाना, विनाओळख मिळत होतं ते उकिरड्यावरचं.

'स्वच्छ'ची मुळं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती'त आहेत. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला म्हणून वस्तीत गेल्या. मुलं कचऱ्यात का, हे शोधता शोधता त्या आयांपर्यंत पोचल्या. कोरेगाव पार्क भागात काही बायकांनी घरांतूनच वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात केली. हात कमी बरबटायचे, माल चांगला मिळायचा. तेवढ्यात एक व्यावसायिक गाडी घेऊन हेच काम करायला पुढे आला, आणि बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: वर्षानुवर्षं हे भंगार आम्ही वेचतोय, त्यावर आमचा हक्क आहे. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा भरला, त्यातून पंचायत उभी राहिली. पाठीशी हमाल पंचायतीचे बाबा आढाव होते. पाठीवर ओझं वाहणाऱ्यांची संघटना बांधण्याचा त्यांचा अनुभव इथे कामी आला.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पंचायतीनं मदत मागितली नाही, हिशेब मांडला. आधी ओळखपत्रं मिळवली. पाठीवरच्या पोत्यातला माल चोरीचा असेल म्हणून पोलिस अडवायचे, त्यांना दाखवायला महापालिकेनं मान्य केलेलं कार्ड आलं. मग भंगारानं शहराचा किती खर्च वाचतो याचा अभ्यास झाला. जो पुठ्ठा डेपोवर जात नाही, तो उचलायचा, वाहायचा, पुरायचा खर्चही महापालिकेला पडत नाही. तो या बायका फुकट वाचवत होत्या. हे पटल्यावर महापालिकेनं त्यांचा आरोग्यविमा भरायला सुरुवात केली.

पुढचं संकट मात्र चांगल्या हेतूनं आलं. २००० साली केंद्रानं घनकचऱ्याचे नियम केले आणि कचरा दारोदार जाऊन गोळा करणं ही नगरपालिकांची जबाबदारी ठरली. शहराच्या दृष्टीनं उत्तमच. पण कोपऱ्यावरची कचराकुंडी हटली की कुंडीत वेचणारी बाई कुठे जाणार? घंटागाडी थेट दारातून सगळं उचलून नेणार असेल तर भंगारही गाडीबरोबर गेलं. पंचायतीनं उत्तर शोधलं ते असं, की दारात जायचंच तर आम्हीच जातो. २००७ मध्ये 'स्वच्छ' सहकारी संस्था नोंदवली गेली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. महापालिका पगार देत नाही. ढकलगाडी, बादल्या, हातमोजे अशी साधनं द्यायची, ओला कचरा ठरलेल्या जागी गाडीत घ्यायचा. घरोघरचे लोक दरमहा शुल्क देतात आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारे पैसे वेचकाचे.

हे मॉडेल कागदावर जितकं देखणं दिसतं तितकं जिन्यात दिसत नाही. वेचक दोन दिवस आली नाही की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गदारोळ होतो, आणि त्या तक्रारी खोट्या नसतात, बदली माणूस वेळेवर मिळत नाही. पण शुल्क द्यायची वेळ आली की तेच रहिवासी घासाघीस करतात. एका सिनेमाच्या तिकिटाइतकेही नसलेले पैसे महिनाभराच्या कचऱ्यासाठी जास्त वाटतात. शुल्क बुडालं तर तिचा दिवस बुडाला, कारण पगार नाहीच.

शहरानं वेचकाला टाळलं की काय होतं ते उरुळी देवाची आणि फुरसुंगीनं सोसलंय. आधी पुण्याचा कचरा कोथरूडच्या डेपोत जायचा. तिथे आज मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. कोथरूडला इमारती वाढल्या आणि कचरा शहराबाहेर, या गावांच्या दारात गेला. मिसळलेला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की त्यातून काळं, आंबूस पाणी झिरपतं. बॅटरी, ट्यूबलाइट, जुनी औषधं, कीटकनाशकाचे डबे त्यात असले की जड धातू आणि विषारी रसायनंही त्या पाण्याबरोबर जमिनीत उतरतात. गावच्या विहिरी नासल्या, प्यायला टँकर लागला, आणि गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की पुण्याच्या रस्त्यावर ढीग साचायचे, आणि मगच पेठांपासून बाणेरपर्यंत सगळ्यांना वर्गीकरण आठवायचं.

घातक कचऱ्याचा विषय निघाला की आपल्याला कारखाने आठवतात. पण वेचकाच्या बोटाला टोचते ती मधुमेहाच्या रुग्णाची इन्सुलिनची सुई, आणि हात बरबटतात ते वापरलेल्या सॅनिटरी पॅडनं आणि डायपरनं. हे पॅड सुक्यात टाकायचं की ओल्यात, याचं उत्तर देणं उत्पादकांनी टाळलं. 'स्वच्छ'च्या बायकांनी त्यावर लोकांना सांगितलं की वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडावं लागणार नाही. त्यासाठी जुन्या कागदाच्या पिशव्याही करून विकल्या. २०१३ मध्ये तर वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट कंपन्यांना परत पाठवल्या. २०१६ च्या नियमांत पॅडसोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन द्यायची जबाबदारी उत्पादकांवर आली, आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असंही त्याच नियमांनी सांगितलं. नियम झाला, पण जिन्यातल्या बादलीत लाल ठिपका अजून क्वचितच दिसतो.

याच बायका गणपतीत विसर्जन घाटावर उभ्या राहून निर्माल्य नदीत पडण्याआधी हातात घेतात. टाळेबंदीच्या काळात, घराघरांत आजारी माणसं असताना, त्यांनी काम थांबवलं नव्हतं. तरीही महापालिकेशी करार संपत आला की दर वेळी तीच चर्चा सुरू होते: मोठ्या गाड्या, एकच ठेकेदार, यंत्रं. गाडी कचरा उचलते हे खरं, पण ती बाटलीचं झाकण वेगळं करत नाही. शिवाय ठेकेदाराला वाहतुकीचे पैसे वजनावर मिळत असतील तर कचरा कमी होण्यात त्याला रस कशाला असेल? वेचकाचं मात्र उलट आहे. भंगार जितकं जास्त निवडलं तितका तिचा पैसा, आणि तितकंच वजन डेपोकडे जायचं राहिलं. म्हणून करारातलं तिचं सर्वांत मोलाचं कलम शुल्काचं नाही, सुका कचरा तिचा असेल हे आहे. नव्या करारात तेच पुसलं गेलं आणि तिला गाडीवर मदतनीस म्हणून रोजावर घेतलं, तर १९९३ ची लढाई तिला पुन्हा पहिल्यापासून लढावी लागेल.