पटावर तीन मुले

चाकणच्या कारखान्यांकडे रात्रंदिवस मालमोटारी धावतात त्या खेड तालुक्यातच जालिंदरनगर नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा २०२२ साली पटावर अवघी तीन मुले उरल्यामुळे बंद पडण्याच्या बेतात होती, आणि तिलाच २०२५ साली, जगभरातून आलेल्या मतांच्या बळावर, 'जगातील सर्वोत्तम शाळा' पुरस्कारांतील लोकपसंतीचा बहुमान लाभला. मधल्या काळात पट शंभराच्या वर गेला. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची शाळा नावारूपाला आणणारे दत्तात्रय वारे गुरुजी येथे बदलून आले, ग्रामस्थ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि 'विषयमित्र' ही पद्धती रुजली: ज्या मुलाला जो विषय उमगला, त्याने तो इतरांना, मग ते वयाने मोठे का असेनात, शिकवावा. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता सोपवलेल्या आपल्या वस्तीशाळांना याहून उपयुक्त युक्ती क्वचितच सापडेल.

हा पुरस्कार देणारी 'टी-फोर एज्युकेशन' ही संस्थाही शिक्षकांना संगणकाच्या पडद्यावरून एकत्र आणणारीच आहे. शिक्षकांनी शिक्षकांशी बोलावे, ही कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नाही. इंग्रजी अमदानीत कृष्णशास्त्री आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी संपादिलेले 'शालापत्रक' याच हेतूने गावोगावच्या पंतोजींपर्यंत जात असे. अलीकडच्या काळात साताऱ्याच्या कुमठे बीटातील ज्ञानरचनावादी वर्ग पाहण्यासाठी दूरदूरचे शिक्षक गेले. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा इतर शाळांना अनुकरणीय वाटली. आणि 'कृतिशील शिक्षक महाराष्ट्र'सारख्या समूहांतून एका गुरुजींचा प्रयोग सायंकाळपर्यंत शेकडो भ्रमणध्वनींवर पोहोचू लागला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांचे नाव २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्कारामुळे सर्वतोमुखी झाले. परंतु प्रथम एका माणसाने आपल्याच वर्गापुरता केलेला निश्चय नसेल, तर या समूहांतून फिरावयास अभिनंदनाच्या फुलांवाचून दुसरे काही उरत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणि निश्चयी माणसाचीही बदली होते. २०१७ पासून जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या संगणकीय प्रणालीने होऊ लागल्या. तिच्यामुळे वशिल्याला आळा बसावा हे इष्टच, पण शाळेत रुजत असलेल्या पद्धतीचे पुढे काय होणार, हे त्या प्रणालीला कसे कळावे? चाकण-पिंपरीच्या ज्या औद्योगिक पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची मुले वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन येतात आणि ठेकेदाराचे काम संपताच निघून जातात, तेथे विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही अस्थिर. स्थिर राहू शकते ती केवळ पद्धती. मराठीखेरीज उर्दू, हिंदी व इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालविणाऱ्या पिंपरी-चिंचवड महापालिकेला तर विषयमित्राच्या जोडीला भाषामित्रही हवा, म्हणजे भोजपुरी बोलत आलेल्या मुलाला मराठीचे पहिले धडे शेजारच्या बाकावरूनच मिळतील.

म्हणून परिसरातील शाळा एकत्र येतात त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांच्या वाचनाआधी एका शिक्षकाने आपल्या वर्गातील प्रयोग, फसलेल्या भागासह, सर्वांपुढे मांडावा, तो टाचणवहीत नोंदवून समूहावर जतन केला जावा, आणि बदलीच्या वेळी पदभार देताना जडसंग्रह नोंदवहीबरोबर ती टाचणवहीही नव्या गुरुजींच्या सहीने त्यांच्या स्वाधीन केली जावी, असा नियम पुणे जिल्हा परिषदेने खेड तालुक्यापासूनच सुरू करावा.