गाण्याचे माप

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाऊ लागलो, की वाटेत टोकावडे हे गाव लागते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाताचा मुलूख. पूर्वी इथल्या खेड्यापाड्यांत घरोघरी जाते असे. पहाटे दळताना बायका ओव्या म्हणत. दळण संपले, की ओव्या थांबत. पावसाळ्यात भाताची लावणी करताना सुरू झालेले गाणे खाचर लावून होईपर्यंत चाले. ठाणे जिल्ह्यात अनेक ठिकाणी लग्नाची गाणी म्हणणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. लग्नाचा विधी जितका वेळ चालेल, तितका वेळ ती गाते. या गाण्यांना घड्याळ ठाऊक नव्हते. काम हेच त्यांचे माप होते.

मग बाजारात मिळणारे गाणे तीन-चार मिनिटांचेच का असते? अनेक गाण्यांचा मिळून होणारा अल्बम बहुधा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा का असतो? हे माप कोणी ठरवले? गायकाने की ऐकणाऱ्याने? उत्तर मोठे गमतीचे आहे. हे माप ठरवले एका ताटलीने!

तुमच्या आजोबांनी चावीचा ग्रामोफोन पाहिला असेल. त्यावर काळी तबकडी फिरे. ती लाख वापरून बनवलेली असे. तिच्यावर बाहेरून आत जाणारी एक लांबच लांब बारीक खाच असे. त्या खाचेतून सुई फिरली, की आवाज निघे. तबकडी एका मिनिटात ७८ वेळा फिरे. म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यासाठी २३४ वेढे लागत. दहा इंचांच्या तबकडीच्या एका बाजूला त्याहून फार जास्त वेढे बसत नसत. खाच जाड होती. वेढे जवळजवळ घेतले असते, तर एक खाच दुसरीत मिसळली असती. म्हणून एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच गाणे मावे.

भारतात १९०२ साली कलकत्त्याला प्रसिद्ध गायिका गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेण्यात आले. मैफलीत एक राग तासभर गाणाऱ्या कलावंतांना आता तीन मिनिटांत सारे सांगायचे होते. गाणे संपताच गौहर जान आपले नाव इंग्रजीत सांगत. कारण तबकड्या छापायला जर्मनीला जात आणि तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळायला हवे होते. त्या नावासाठीही त्याच तीन मिनिटांतून वेळ काढावा लागे.

काही गायकांना ही अट नकोशी वाटली. काहींनी मात्र तिच्यातूनच नवी कला घडवली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचेच उदाहरण घ्या. ते उत्तर प्रदेशातील कैराना गावचे. पण महाराष्ट्रातील मिरज हे त्यांचे घर झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात ते गात असत आणि त्यांची कबरही तिथेच आहे. खयाल, ठुमरी आणि मराठी नाट्यपदे त्यांनी तबकड्यांवर गायिली. त्या तीन मिनिटांत एकही स्वर वाया गेलेला नाही. १९३७ साली ते वारले. पण त्या तबकड्यांतील त्यांचे गाणे लोक आजही ऐकतात.

गझल आणि कव्वालीवरही तबकडीचा परिणाम झाला. लांब गझलेतील सगळे शेर मावत नसत. गायक त्यांतले चार-पाच निवडत. रात्रभर रंगणारी कव्वाली तबकडीच्या दोन बाजूंवर दोन भागांत येई. मराठीत १९३० नंतर भावगीत लोकप्रिय झाले. एक ध्रुवपद आणि दोन-तीन कडवी, एवढा त्याचा आटोपशीर आकार तबकडीला अगदी जुळणारा होता.

एखादी मोठी रचना द्यायची, तर कितीतरी तबकड्या लागत. त्या फुटू नयेत म्हणून फोटोच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवत. त्या वहीला म्हणत अल्बम! पुढे वही गेली, पण नाव राहिले.

१९४८ साली अमेरिकेत नवी तबकडी निघाली. ती प्लॅस्टिकची होती, तिची खाच फार बारीक होती आणि ती मिनिटाला फक्त सव्वातेहतीसच्या आसपास, नेमके सांगायचे तर ३३⅓ वेळा फिरे. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणे मावे. दोन्ही बाजू मिळून चाळीस-पंचेचाळीस मिनिटे झाली. याहून जास्त गाणी घातली, तर खाच आणखी बारीक करावी लागे आणि आवाज दबका होई. अल्बमचे माप ठरले ते असे.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. तिच्यातील फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरके. अर्ध्या तासाला सुमारे ८६ मीटर फीत लागे. साठ मिनिटांच्या कॅसेटला दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटे मिळत. कॅसेट स्वस्त होती. त्यामुळे लोकगीते, भक्तिगीते आणि कव्वाल्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली. बारा सेंटिमीटरच्या त्या चकतीवर सुमारे ७४ मिनिटे मावत. तरीही पुष्कळ अल्बम चाळीस-पन्नास मिनिटांचेच राहिले. ताटली बदलली; सवय बदलली नाही.

आज गाणी मोबाइलवर येतात. आता खाच नाही, फीत नाही. गाणे कितीही लांब असले तरी चालते. पण नवे माप आलेच! गाणी ऐकवणाऱ्या काही कंपन्या, गाणे निदान ३० सेकंद ऐकले गेले, तरच ते मोजतात आणि त्याचे पैसे देतात. म्हणून आता पुष्कळ गाणी सुरुवातीलाच लक्ष वेधून घेऊ पाहतात.

भाताची पायली भरली, की उरलेले धान्य बाहेर राहते. तसेच गाण्याचेही झाले. जे तबकडीत मावले, ते दूरवर गेले आणि टिकले. जे मावले नाही, ते गाणाऱ्याच्या स्मरणातच राहिले. घरात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्या विसरल्या जाऊ लागल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वात्वाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे काम झाले नसते, तर त्यांतल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बायकांबरोबरच संपल्या असत्या.

तुमच्या गावातही एखादी धवलारीण असेल, एखादे म्हातारे कव्वाल असतील, नाहीतर लग्नातली जुनी गाणी म्हणणाऱ्या तुमच्या नानी असतील. त्यांना विचारून त्यांचे गाणे मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. मात्र एक करा. तीन मिनिटे झाली म्हणून त्यांना थांबवू नका. गाणे पुरे होऊ द्या.

स्वाध्याय

१. धवलारणीच्या गाण्याचे माप कशावरून ठरते?
२. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच गाणे का मावत असे?
३. ‘अल्बम’ हे नाव कसे पडले?
४. ‘ताटली बदलली, सवय बदलली नाही.’ हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. घरातील वडीलधाऱ्यांकडून एक जुने गाणे ऐका. ते कोणत्या प्रसंगी म्हणत, याविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा.