औषधाला न जुमानणारी बुरशी

ट्यूलिपची शेतं म्हटली की आपल्याला 'सिलसिला'मधले अमिताभ-रेखा आठवतात. हॉलंडच्या डॉक्टरांना मात्र ॲस्परजिलस फ्युमिगेटस आठवते!

ही बुरशी कंपोस्टमध्ये वाढते. ढीग आतून 50 अंशांवर तापला तरी हिला काही होत नाही, मग आपले 37 अंश म्हणजे मजाच. हिचे 2-3 मायक्रॉनचे बीजाणू तुम्ही-आम्ही रोज शेकड्यांनी श्वासातून घेतो आणि धडधाकट शरीर ते साफ करतं. पण ल्युकेमियाच्या पेशंटच्या फुफ्फुसात ती मूळ धरते. त्यावर मुख्य औषध व्होरिकोनाझोल, 'अझोल' घराण्यातलं.

आता गंमत बघा. ट्यूलिपचे कंद सडू नयेत म्हणून वापरतात तीही अझोलच. आपल्या नाशिककडे द्राक्षांच्या भुरीवर मारतात ते हेक्झाकोनाझोलसुद्धा त्यातलंच. खराब कंद आणि पाला कंपोस्टमध्ये जातो, सोबत थोडं औषधही. त्यात जी बुरशी तगते, तिचेच बीजाणू पुढे उडतात.

लॅबमध्ये हे कळतं कसं? प्लेटच्या खळग्यांत औषध 16, 8, 4, 2 असं निम्मं निम्मं करत भरतात, बुरशी सोडतात आणि साधारण दोन दिवसांनी बघतात. तिला थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. आपल्या मटेरियल्स लॅबपेक्षा सोपं वाटतं मला.

डच पेशंटांच्या हट्टी बुरशीत एकच खूण वारंवार दिसली: जीनच्या आधीचा 34 अक्षरांचा तुकडा दोनदा, आणि प्रोटीनमध्ये 98व्या जागी ल्युसिनऐवजी हिस्टिडिन. पेशंटच्या शरीरात तयार झाली असती तर प्रत्येकाची खूण वेगळी निघाली असती. शिवाय बऱ्याच जणांनी अझोल कधी घेतलंच नव्हतं. म्हणजे ती बाहेरूनच तयार होऊन आली. 2012 मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी तीच खूण आपल्याकडे दाखवली, तीही हॉस्पिटलच्या बागेतल्या कुंड्यांच्या मातीत!

अशा वेळी अँफोटेरिसिन बी शिरेतून द्यावं लागतं, आणि ते किडनीला जड जातं.

शेतकऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. भुरीने बाग गेली तर कर्ज त्याच्याच डोक्यावर. राग येतो तो प्लॅनिंगचा. 2022 मध्ये अमेरिकेत इपफ्लुफेनोक्विन हे शेतीचं नवं बुरशीनाशक मंजूर झालं. माणसांसाठीचं ओलोरोफिम तेव्हा चाचण्यांतच अडकलेलं होतं. दोघांचा नेम एकाच एन्झाइमवर आहे.