जोंधळ्यावरील काणी व तिचें बियाण्यांतील बिऱ्हाड

जोंधळ्याच्या कणसांत दाणा भरावयाच्या वेळीं कोठें कोठें दाण्याऐवजीं करड्या-पांढुरक्या आवरणाच्या लहान पिशव्या दिसतात, व बोटानें चिरडल्यास त्यांतून काळी पूड निघते. हीच दाणे काणी. आभाळ आलें, धुई पडली, म्हणून काणी आली, असें आमच्याकडील वृद्ध मंडळी सांगत, व मीही पुष्कळ वर्षें तेंच खरें मानीत होतों. वस्तुतः हा रोग पेरणीच्या दिवशींच पाभरींतून शेतांत उतरलेला असतो.

काणी ही एका सूक्ष्म बुरशीची करणी होय. बुरशीच्या अंगीं हिरवें द्रव्य नसल्यामुळें तिला आपलें अन्न आपण करतां येत नाहीं. म्हणून ती दुसऱ्याच्या घरीं राहते. ती काळी पूड म्हणजे तिचे असंख्य बीजाणु. मळणींत पिशव्या फुटतात आणि पूड चांगल्या दाण्यांस चिकटते. दाणा कोरडा आहे तोंवर हे बीजाणु कणगींत वर्षानुवर्षें निजून राहतात. पेरल्यावर ज्या ओलीनें दाण्यास मोड येतो, त्याच ओलीनें बीजाणुही रुजतो, व कोंब मातीबाहेर येण्यापूर्वींच त्याच्या कोवळ्या अंगांत आपला तंतू घुसवितो. पुढें ताट जून झाल्यावर त्याची मात्रा चालत नाहीं. आंत गेलेला तंतू मात्र शेंड्याबरोबर वाढत राहतो. ताट इतरांइतकेंच उंच, पानें हिरवीं. धन्यास संशय यावा असें कांहींच नाहीं. कणीस धरलें कीं तो दाण्याच्या जागीं आपली पूड भरतो.

हल्लीं जिला कागदोपत्रीं पैसेवारी म्हणतात, त्या आणेवारीच्या कामीं मीं पुष्कळ शेतें पाहिलीं. बांधावरून बारा आणे वाटलेलें पीक खळ्यावर कमी भरे, आणि बोल मापाऱ्यावर येई. एका हंगामांत खुद्द आमच्या रानांत असें झालें. तोच जोंधळा मीं बियाण्यास ठेविला, व शेजारच्या एका गृहस्थांसही दोन पायल्या दिला. पुढील सालीं माझ्या अज्ञानाचें फळ त्यांनाही भोगावें लागलें.

उपाय स्वस्त आहे. ३०० मेशी गंधकाची भुकटी एक किलो बियाण्यास ४ ग्रॅम घेऊन, झाकणाच्या डब्यांत दाण्यादाण्यास लागेल अशी हालवून चोळावी. पूर्वीं मोरचुदाच्या पाण्यांत बीं बुडवून सावलींत वाळवीत. त्याचाही गुण येई, पण खटाटोप फार. चोळलेलें बीं उरल्यास माणसांच्या वा गुरांच्या खाण्यांत जाऊं देऊं नये.

सर्वच काण्या गंधकानें हटतात असें मात्र नव्हे. मोकळ्या काणीचीं ताटें ठेंगणीं असून लवकर निसवतात. तीही बियाण्यांतूनच येते व गंधकास वश होते. शेंडे काणींत सबंध कणसाचाच गोंडा बनतो, व तिचे बीजाणु जमिनींत राहतात. गोंडा फुटण्यापूर्वीं त्यावर पिशवी बांधून ताट उपटावें, जाळावें, आणि त्या रानांत कांहीं वर्षें दुसरें पीक घ्यावें. लांब काणी वाऱ्यानें फुलोऱ्यांत येते. तेथें बियाण्यास औषध लावून उपयोग नाहीं.

बियाण्याचीं कणसें उभ्या पिकांतूनच निवडावीं व वेगळीं मळावीं. मी आतां तसेंच करतों. ते शेजारी गृहस्थ अजूनही माझ्याकडून बीं नेतात. परंतु मीं गंधक लावून दिलेल्या बियाण्यासही घरीं नेऊन पुन्हां गंधक लावतात. मला त्याचा राग येत नाहीं.